मॅकमास्टर, मॅडिसन आणि रँकिंगची यादी

कॅनडातल्या विद्यापीठात शिकते म्हटलं की आपल्या माणसांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "अमेरिकेत नाही मिळालं का?" मॅकमास्टरला मास्टर्स करत होते तेव्हा हा प्रश्न ऐकला. तिथून पीएचडीसाठी विस्कॉन्सिन-मॅडिसनला गेले तेव्हा "चला, आता खरं शिक्षण सुरू" हे ऐकलं. आणि पीएचडी संपवून नोकरीसाठी पुन्हा हॅमिल्टनला आले तेव्हा "परत कॅनडात? का गं?" आता माझा भाचा अर्ज भरायला बसलाय आणि त्याचाही पहिला मेसेज तोच आहे: "आत्या, कॅनडाच्या युनिव्हर्सिटीला अमेरिकेत मान असतो का?"

त्याला दोन ओळींत उत्तर देता आलं असतं. पण हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की एकदा सविस्तरच लिहावं म्हटलं. माझा विषय मटेरियल्स इंजिनिअरिंग. दोन्ही देशांत शिकले आहे, आणि आता कामाचा भाग म्हणून दोन्हीकडच्या मुलांचे अर्ज वाचते. माझं मत आधीच सांगून टाकते. अमेरिकेतली सर्वोत्तम विद्यापीठं कॅनडातल्या सर्वोत्तम विद्यापीठांच्या पुढे आहेत, यात वाद नाही. पण कॅनडातली सामान्य विद्यापीठं अमेरिकेतल्या सामान्य विद्यापीठांपेक्षा पुष्कळ भरवशाची आहेत. आणि आपली बहुतेक मुलं एमआयटी-स्टॅनफर्डला जात नाहीत, ती मधल्या पट्ट्यात जातात. त्या पट्ट्यात देशाच्या नावाला फारसा अर्थ उरत नाही. तिथे डिपार्टमेंट बघावं लागतं, गाईड बघावा लागतो.

आधी जरा मागे जाऊ. १९०० साली अमेरिकेतल्या चौदा विद्यापीठांनी शिकागोत एकत्र येऊन असोसिएशन ऑफ अमेरिकन युनिव्हर्सिटीज ही संघटना काढली. हार्वर्डही त्यात होतं. त्यांची काळजी काय होती? युरोपात, विशेषतः जर्मनीत, अमेरिकेच्या डॉक्टरेटला वजन नव्हतं. कोणीही उठून पीएचडी देत होतं, दर्जा सांभाळणारं कोणी नव्हतं, आणि त्यामुळे चांगल्या विद्यापीठांचंही नाव खराब होत होतं. म्हणजे "आमची डिग्री तिकडे चालते का" ही चिंता सव्वाशे वर्षांपूर्वी खुद्द अमेरिकेला होती. आज या संघटनेत सत्तरच्या आसपास विद्यापीठं आहेत. नुसत्या पैशाने तिथे जागा मिळत नाही, बोलावणं यावं लागतं. १९२६ मध्ये अमेरिकेबाहेरची दोन विद्यापीठंही तिथे घेतली गेली: कॅनडातली टोरांटो आणि मॅकगिल.

आणि ज्या काळात अमेरिकेची विद्यापीठं जर्मनीकडे बघत होती, त्याच काळात मॉन्ट्रियलला मॅकगिलमध्ये अर्नेस्ट रदरफोर्ड काम करत होते. १८९८ ते १९०७. तंबाखूच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या विल्यम मॅकडोनाल्डने पैसा ओतून उभी केलेली भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा तिथे होती. एक मूलद्रव्य आपोआप दुसऱ्यात बदलतं हे रदरफोर्ड आणि फ्रेडरिक सॉडी यांनी तिथे दाखवलं. १९०५ मध्ये ऑटो हान हा तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञ रदरफोर्डच्या हाताखाली शिकायला मॉन्ट्रियलला आला. पुढे अणुविखंडनाच्या शोधात ज्याचं नाव आलं तोच हा. रदरफोर्डना नोबेल मिळालं १९०८ मध्ये, तेव्हा ते मँचेस्टरला गेलेले होते. काम कॅनडात, पारितोषिकाच्या वेळी पत्ता दुसरीकडचा. हे पुढे अनेकदा झालं, त्याकडे वळतेच.

भाच्याने पाठवलेली यादी एक्सेलमध्ये होती आणि तिचा पहिला कॉलम क्यूएस रँकिंगचा, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांच्या एका क्रमवारीचा. तर ते रँकिंग कसं बनतं ते बघू. क्यूएसमध्ये सर्वांत मोठा वाटा 'अ‍ॅकॅडेमिक रेप्युटेशन'चा असतो: आधी चाळीस टक्के, अलीकडे तीस टक्के. जगभरातल्या प्राध्यापकांना विचारलं जातं की तुमच्या विषयात चांगली विद्यापीठं कोणती, आणि ते नावं सांगतात. कंपन्यांकडून घेतलेल्या मतांचा वाटा वेगळा, पंधरा टक्के. म्हणजे निम्म्याच्या जवळपास गुण लोकांच्या मनात कोणतं नाव आहे त्यावर. टाइम्स हायर एज्युकेशनच्या यादीतही असा मतांचा वाटा साधारण एक तृतीयांश आहे. जे विद्यापीठ मोठं, जुनं, ज्याचे माजी विद्यार्थी जगभर पसरलेले, त्याचं नाव लोकांना आठवणार. टोरांटोच्या तीन कॅम्पसमध्ये मिळून लाखाच्या आसपास विद्यार्थी आहेत. टोरांटो, मॅकगिल आणि यूबीसी (ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठ) ही तीन नावं क्यूएसच्या पहिल्या पन्नासात वर्षानुवर्षं असतात. त्यांचा दर्जा खरोखर तसा आहे, पण त्यांच्या आकाराचाही त्यात हात आहे.

शांघायची यादी मतं विचारत नाही, ती नोबेल आणि फील्ड्स मेडल मोजते. माजी विद्यार्थ्यांच्या पारितोषिकांना दहा टक्के, आणि पारितोषिकाच्या वेळी तिथे नोकरीत असलेल्या प्राध्यापकांना वीस टक्के. इथे कॅनडाचं नुकसान होतं. जेम्स पीबल्स मॅनिटोबा विद्यापीठात शिकले, २०१९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा ते प्रिन्स्टनचे होते. डेव्हिड कार्ड क्वीन्समध्ये शिकले, २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल बर्कलीच्या खात्यात. मायरन शोल्स माझ्या मॅकमास्टरचे, १९९७ चं नोबेल स्टॅनफर्डच्या नावावर. रुडॉल्फ मार्कस यांनी मॅकगिलमधून पदवी आणि पीएचडी दोन्ही केल्या, १९९२ चं रसायनशास्त्राचं नोबेल कॅलटेकला. ज्या वर्गांमध्ये ही माणसं घडली ते वर्ग चांगले नव्हते असं कोण म्हणेल? आणि भाच्याला जायचंय ते वर्गातच, प्राध्यापक म्हणून नाही.

शिवाय आकडे विद्यापीठंच पुरवतात हे विसरू नये. २०२२ मध्ये कोलंबियाच्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने, मायकल थॅडियस यांनी, आपल्या विद्यापीठाने यूएस न्यूजच्या रँकिंगला दिलेले आकडे तपासले आणि त्यातल्या चुका जाहीर केल्या. त्या वर्षी कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. शिकवणारे तेच, इमारती त्याच, ग्रंथालय तेच. कॅनडात २००६ मध्ये टोरांटोसकट अकरा विद्यापीठांनी मॅक्लीन्स मासिकाच्या रँकिंगला माहिती द्यायला नकार दिला होता, कारण त्यांना ती पद्धतच पटत नव्हती. मला त्या अकरा जणांचा आदर वाटतो.

आता विद्यापीठाच्या आत शिरू, कारण मान खरा कुठे कमावला जातो ते तिथे दिसतं.

मॅकमास्टर हे हॅमिल्टनमधलं विद्यापीठ. पोलादाच्या कारखान्यांचं शहर, टोरांटोपासून तासाभरावर. भारतात हे नाव फार कोणाला माहीत नसतं. पण कॅम्पसच्या मध्यावर तिथे एक अणुभट्टी आहे, १९५९ पासून चालणारी. आणि भौतिकशास्त्र विभागात बर्ट्रम ब्रॉकहाउस होते. त्यांनी १९५० च्या दशकात चॉक रिव्हर इथल्या सरकारी अणुभट्टीवर न्यूट्रॉनचा झोत वापरून घन पदार्थातले अणू कसे थरथरतात ते मोजायचं यंत्र उभं केलं. ट्रिपल अ‍ॅक्सिस स्पेक्ट्रोमीटर म्हणतात त्याला, जगभरच्या न्यूट्रॉन केंद्रांवर आजही वापरतात. १९६२ मध्ये ते मॅकमास्टरला आले, तिथेच निवृत्त झाले, आणि १९९४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, एमआयटीच्या क्लिफर्ड शल यांच्याबरोबर विभागून. एकच पारितोषिक, एकच विषय. त्यातल्या एमआयटीचं नाव सांगितलं की सगळे मान डोलावतात.

मी तिथे पोहोचले तेव्हा ब्रॉकहाउस हयात नव्हते, पण त्यांची परंपरा चालू होती. मास्टर्समध्ये माझं काम होतं पोलादाच्या जाड प्लेटला वेल्डिंग केल्यावर आत जो ताण अडकून राहतो तो मोजण्याचं. त्यासाठी आम्ही चॉक रिव्हरला जायचो, ओटावाच्या वायव्येला, नदीकाठच्या जंगलात. तिथली एनआरयू अणुभट्टी तेव्हा चालू होती. प्लेट टेबलावर बसवायची, दुर्बिणीतून बघून तिचा कोपरा अचूक जागेवर आणायचा, झडप उघडायची आणि थांबायचं. एका बिंदूचं मोजमाप पुरं व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. मग प्लेट दोन मिलिमीटर सरकवायची, पुन्हा थांबायचं. असे शेकडो बिंदू. रात्रीच्या पाळीत तिथला जुना तंत्रज्ञ माझ्याशेजारी बसून आलेखावरचा प्रत्येक उंचवटा बघायचा आणि विचारायचा, हा असा का आलाय सांग. मला उत्तर येईपर्यंत तो पुढचा बिंदू सुरू करू द्यायचा नाही. माझं विषयातलं शिक्षण तिथे झालं असं मी मानते.

मॅडिसनला गेल्यावर जवळची मोठी सुविधा म्हणजे शिकागोजवळची आर्गॉन ही सरकारी प्रयोगशाळा. तिथल्या अ‍ॅडव्हान्स्ड फोटॉन सोर्सचं कडं एक किलोमीटरहून जास्त परिघाचं आहे. तिथे क्ष-किरणांनी मोजमाप काही सेकंदांत व्हायचं. एका रात्रीत इतका डेटा जमायचा की तो वाचायला महिने जायचे. यंत्रं, माणसं, पैसा, सगळ्याची रेलचेल. एका मजल्यावर आठ-दहा गट, प्रत्येक गटाचा विषय थोडा वेगळा, आणि दर आठवड्याला बाहेरून कोणीतरी मोठा माणूस व्याख्यानाला. मॅकमास्टरला व्याख्यानं असायची, पण हा ओघ नव्हता. अमेरिकेचं पुढे असणं मी इथे पाहिलं आणि ते कमी लेखायची माझी इच्छा नाही. सिंक्रोट्रॉनच, म्हणजे असे क्ष-किरण देणारं हे प्रचंड यंत्रच घ्या: कॅनडात ते एकच आहे, सास्काटूनला. अमेरिकेत ती अनेक आहेत. आणि २०१८ मध्ये एनआरयू कायमची बंद झाली, तेव्हापासून न्यूट्रॉनच्या कामासाठी कॅनडात मॅकमास्टरच्या छोट्या अणुभट्टीवरच बरीचशी भिस्त आहे. ज्या देशाने ही विद्या जगाला दिली, त्याने तिच्यासाठी नवी मोठी भट्टी बांधू नये याचं मला फार वाईट वाटतं.

पण मॅकमास्टरचीच दुसरी बाजू सांगते. १९६९ मध्ये तिथलं वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं तेव्हा त्यांनी व्याख्यानांवर आधारलेली जुनी पद्धत मोडली आणि मुलांना छोट्या गटांत रुग्णाची समस्या देऊन त्यातून शिकवायला सुरुवात केली. ही पद्धत जगभर गेली. हार्वर्डने १९८५ मध्ये आपला अभ्यासक्रम बदलला तो याच धर्तीवर. पुढे 'एव्हिडन्स बेस्ड मेडिसिन' हे नावही मॅकमास्टरच्या गॉर्डन गायट यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं. आज कोणताही डॉक्टर हे शब्द वापरतो. ते हॅमिल्टनहून आले हे फार थोड्यांना माहीत असतं.

कॉम्प्युटर सायन्सच्या मुलांसाठी याहून ठळक उदाहरणं आहेत. स्टीफन कुक बर्कलीत शिकवत होते. १९७० मध्ये बर्कलीने त्यांना कायम केलं नाही. ते टोरांटोला आले आणि १९७१ मध्ये त्यांचा तो निबंध आला ज्यातून एनपी-कम्प्लीटनेसचा, म्हणजे कोणते प्रश्न संगणकालाही अवघड हे ओळखण्याचा, सगळा सिद्धांत उभा राहिला. १९८२ मध्ये ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च. जेफ्री हिंटन १९८७ मध्ये कार्नेगी मेलन सोडून टोरांटोला आले. अमेरिकेत एआयच्या संशोधनाला पैसा लष्कराकडून येत होता आणि त्यांना तो नको होता. न्यूरल नेटवर्कवर कोणाचा विश्वास नव्हता त्या वर्षांमध्ये कॅनडाच्या सिफार या संस्थेने त्यांना आधार दिला. २०१२ मध्ये टोरांटोतूनच त्यांनी आपल्या दोन विद्यार्थ्यांसह इमेजनेट ही संगणकाने चित्रं ओळखण्याची स्पर्धा जिंकली आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल, प्रिन्स्टनच्या जॉन हॉपफील्ड यांच्याबरोबर. मॉन्ट्रियलचे योशुआ बेंजिओ आणि अल्बर्टाचे रिचर्ड सटन हेही ट्युरिंगचे मानकरी. एडमंटनसारख्या थंड, दूरच्या शहरातलं विद्यापीठ एआयच्या रीइन्फोर्समेंट लर्निंग या शाखेत जगात पहिल्या काहींत असतं. एकूण रँकिंगच्या कॉलममध्ये हे दिसणारच नाही.

भाच्याचा दुसरा प्रश्न होता प्रवेशाच्या टक्केवारीचा. हार्वर्ड शंभरातल्या जेमतेम चारांना घेतं, टोरांटो पुष्कळ जास्त मुलांना घेतं, मग टोरांटो सोपं नाही का? दोन्हीकडे पद्धतच वेगळी आहे. कॅनडातली मोठी विद्यापीठं सरकारी आहेत, प्रांतातल्या मुलांना सामावून घेणं हे त्यांचं काम आहे. पदवीला प्रवेश मुख्यतः बारावीच्या गुणांवर मिळतो, अमेरिकेसारखी सॅट ही प्रवेशपरीक्षा लागत नाही. आत गेल्यावर मात्र सूट मिळत नाही. टोरांटोत ऐंशी ते चौऱ्याऐंशी टक्क्यांना ए-मायनस आहे आणि पंच्याऐंशीला ए. अमेरिकेत सहसा नव्वदच्या आसपास ए-मायनस सुरू होतो. नुसती टक्केवारी शेजारी ठेवली तर कॅनडाचा मुलगा कच्चा वाटतो, आणि तो तसा नसतो.

याचा प्रत्यक्ष त्रास मी बघितलाय. मॅकमास्टरला पदवीच्या मुलांचे गुण बारापैकी असतात. मागे अमेरिकेतल्या एका भागीदार कंपनीबरोबर आम्ही उमेदवार निवडत होतो, त्यांच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये फक्त चारपैकी गुण टाकायची सोय. एका मुलीचे बारापैकी साडेदहा होते, म्हणजे ए आणि ए-मायनसच्या मधले. तिने सरळ त्रैराशिक मांडून साडेतीन लिहिलं. मॅकमास्टरच्या मोजमापात दहा म्हणजे ए-मायनस, म्हणजेच ३.७, तिचे खरे गुण त्याहून वर जातात. तिकडच्या माणसाने तिला मधल्या ढिगात टाकलं होतं. मी तिची गुणपत्रिका उघडून मागच्या पानावरचा तक्ता त्यांना दाखवला तेव्हा ती वरच्या ढिगात आली. म्हणून सांगते, कॅनडातून अमेरिकेत अर्ज करताना तो तक्ता अर्जासोबत जोडाच.

"चालते का" या प्रश्नाचं सरळ उत्तर: इंजिनिअरिंगच्या पदवीसाठी अमेरिका आणि कॅनडा दोघेही १९८९ च्या वॉशिंग्टन कराराचे पहिल्यापासूनचे सदस्य आहेत, एकमेकांच्या मान्यताप्राप्त पदव्या समतुल्य मानतात. आणि वॉटरलूच्या मुलांना कॅलिफोर्नियातल्या कंपन्यांमध्ये कोणी वॉटरलू कुठे आहे असं विचारत नाही. ते विद्यापीठ १९५७ चं, मॅकगिलच्या मानाने अगदी पोरगं. पण पहिल्या दिवसापासून तिथे को-ऑप आहे: चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, आलटून पालटून. पदवी हातात येते तेव्हा मुलाकडे दीड-दोन वर्षांचा कामाचा अनुभव असतो. त्यांचा मान कमावला तो या मुलांनी, कंपन्यांच्या ऑफिसात बसून.

प्राध्यापक व्हायचं असेल तर मात्र चित्र कठोर आहे आणि ते लपवून उपयोग नाही. २०२२ मध्ये नेचरमध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की अमेरिकेत शिकलेल्या तिथल्या प्राध्यापकांपैकी ऐंशी टक्के हे फक्त वीस टक्के विद्यापीठांतून आलेले आहेत, आणि बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड या पाचच ठिकाणांहून आठातला एक. म्हणजे अमेरिकेतच शिकून, पण त्या वरच्या गटाबाहेर शिकून, दार अर्धं बंदच असतं. कॅनडातल्या विभागांच्या पानांवर प्राध्यापकांची यादी काढा, अमेरिकेच्या पीएचडी पुष्कळ दिसतील. उलट दिशेने तेवढं होत नाही. १९६० च्या दशकाअखेर तर कॅनडातल्या विद्यापीठांत परदेशी, त्यातही अमेरिकन, प्राध्यापकांचं प्रमाण इतकं वाढलं होतं की त्यावरून मोठा वाद झाला आणि पुढे कॅनेडियनांना प्राधान्य देण्याचा नियम आला. जाहिरातींत ते वाक्य आजही असतं.

पैशाच्या बाबतीत दोन्हीकडे वेगळे दोष आहेत. हार्वर्डचा निधी पन्नास अब्ज अमेरिकी डॉलरच्या वर आहे, टोरांटोचा त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. कॅनडात एनसर्क या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेचं डिस्कव्हरी अनुदान रकमेने लहान असतं, पण अर्ज करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त प्राध्यापकांना मिळतं आणि साधारण पाच वर्षं टिकतं. अमेरिकेत एनएसएफ या तशाच संस्थेचं अनुदान मोठं, पण चार-पाच अर्जांत एक पास होतो. याचा परिणाम विद्यार्थ्यावर होतो. अमेरिकेत गाईडचं अनुदान संपलं की गट विस्कटतो, विद्यार्थी दुसरा गाईड शोधत फिरतात. कॅनडात गट लहान राहतात, पण तगून राहतात. दुसरीकडे, कॅनडाने आपल्या विद्यार्थ्यांना फार वर्षं वाऱ्यावर सोडलं. मास्टर्सची सरकारी शिष्यवृत्ती २००३ पासून साडेसतरा हजार डॉलरवर अडकलेली होती, ती २०२४ मध्ये सत्तावीस हजार झाली. वीस वर्षांत घरभाडं कुठल्या कुठे गेलं!

आता तळाकडचं, जे माझ्या मते आपल्या मुलांसाठी सर्वांत महत्त्वाचं आहे. अमेरिकेत पदवी देणाऱ्या संस्था चार हजारांच्या घरात आहेत. विद्यापीठांची प्रतवारी लावणाऱ्या नव्या कार्नेगी वर्गीकरणात त्यातल्या १८७ पहिल्या दर्जाच्या संशोधन विद्यापीठांत मोडतात. उरलेल्यांमध्ये उत्तम छोटी कॉलेजंही आहेत आणि निव्वळ दुकानंही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातलं ट्राय-व्हॅली विद्यापीठ बंद पडलं, तिथले बहुतेक विद्यार्थी भारतीय होते, त्यातल्या काहींच्या पायाला इमिग्रेशन खात्याने रेडिओ पट्टे बांधले होते. २०१९ मध्ये मिशिगनमधलं फार्मिंग्टन विद्यापीठ तर इमिग्रेशन खात्यानेच रचलेला सापळा निघाला. अडकलेली पोरं पुन्हा बहुतेक आपलीच. कॅनडात विद्यापीठं शंभराच्या आसपास, जवळजवळ सगळी सरकारी पैशावर चालणारी, आणि विद्यापीठ म्हणवून घ्यायला प्रांताची परवानगी लागते. ब्रिटिश कोलंबिया असो की न्यू ब्रन्सविक, सरकारी विद्यापीठाची पदवी ही एका दर्जाच्या खाली जात नाही.

कॅनडाचा तळ ढासळला तो विद्यापीठांत नाही, कॉलेजांत. तिकडे कॉलेज म्हणजे मुख्यतः डिप्लोमा देणारी वेगळी संस्था. ओंटारियोने २०१९ मध्ये स्थानिक मुलांची फी दहा टक्क्यांनी कमी केली आणि मग काही वर्षं गोठवून ठेवली. ती तूट भरून काढली परदेशी मुलांच्या फीने. काही सरकारी कॉलेजांनी आपला अभ्यासक्रम खासगी संस्थांना चालवायला दिला, एखाद्या ऑफिस इमारतीच्या मजल्यावर वर्ग भरवले आणि हजारो मुलं आली. २०२४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने स्टडी परमिटवर मर्यादा आणली, त्या वर्षासाठी सुमारे तीन लाख साठ हजार, आणि अशा भागीदारीतल्या अभ्यासक्रमांना शिक्षणानंतरचं वर्क परमिट बंद केलं. "कॅनडाला काही अर्थ राहिला नाही" असं आता जे ऐकू येतं ते बहुतांशी या कॉलेजांच्या अनुभवातून आलेलं आहे. ज्यांचे पैसे आणि वर्षं त्यात गेली त्यांचा राग खरा आहे. पण अल्बर्टा किंवा क्वीन्समधल्या संशोधनाच्या मास्टर्सशी त्याचा संबंध नाही, आणि एजंटच्या ऑफिसात हा फरक कोणी समजावत नाही.

मास्टर्सबद्दलही तिथे कोणी समजावत नाही, ते इथे सांगते. अमेरिकेत एमएस बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रमाचं, स्वतःच्या पैशाने, आणि पीएचडीला थेट बीई-बीटेकवरून घेतात. कॅनडात संशोधनाचं मास्टर्स, इंजिनिअरिंगमध्ये एमएएससी, ही पीएचडीची पहिली पायरी मानली जाते आणि त्यात सहसा पैसे मिळतात: थोडे गाईडकडून, थोडे टीएशिपचे, म्हणजे पदवीच्या मुलांना शिकवायला मदत करण्याचे. एमइंज हे त्याच विभागातलं दुसरं मास्टर्स, फी भरून, थीसिसशिवाय. एकाच विद्यापीठाचं नाव, पण दोन्हींचा उपयोग सारखा नाही. पुढे पीएचडी करायची असेल आणि घरची ऐपत बेताची असेल तर कॅनडातलं एमएएससी करून मग अमेरिकेत पीएचडीला अर्ज करणं, हा मार्ग मला सर्वांत शहाणा वाटतो. हातात थीसिस असतो, एखादा पेपर असतो, आणि उत्तर अमेरिकेतल्या प्राध्यापकाचं शिफारसपत्र असतं. मॅडिसनला माझ्या अर्जातला सगळ्यात वजनदार कागद कोणता होता तर ते पत्र. लिहिणारा माणूस आणि वाचणारा माणूस एकाच परिषदेला जाणारे होते.

मधल्या काळात वारंही थोडं फिरलंय. २०२५ मध्ये येलचे टिमोथी स्नायडर, मार्सी शोर आणि जेसन स्टॅनली हे तिघे टोरांटोला आले. अमेरिकेत संशोधनाचे पैसे रोखले जात असताना कॅनडाने परदेशातून हजारावर संशोधक आणण्यासाठी १.७ अब्ज डॉलर बाजूला काढले. याने दहा वर्षांत काही बदलेल अशी मला आशा आहे, पण परदेशी प्रोफेसर आणताना घरच्या विद्यार्थ्यांचं आणि बंद पडलेल्या यंत्रांचंही बघायला हवं, हे मी इथे भेटेल त्याला सांगत असते.

भाच्याला मी सांगितलं की रँकिंगचा कॉलम पुसून टाक आणि त्या जागी तीन नवे कर. गाईडच्या मागच्या पाच-सहा विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं, त्यांना पदवीला किती वर्षं लागली, आणि आत्ता तिथे शिकणाऱ्या निदान एकाने ईमेलला काय उत्तर दिलं. अमेरिकेच्या बाबतीत, त्याच्या विषयातल्या पहिल्या वीस-पंचवीस विभागांपैकी एखाद्यात पैशासकट पीएचडी मिळत असेल तर डोळे मिटून जा. तसं नसेल आणि यादीतल्या दीडशेव्या अमेरिकी विद्यापीठात लाखो रुपये कर्ज काढून एमएस, आणि समोर कॅनडातलं पैशासकट एमएएससी असेल, तर कॅनडा घे. घरचे विचारतील अमेरिकेत नाही मिळालं का. त्यांना माझा नंबर दे.